पावती दाखवा, अस्तंबा चढा

सातपुडा कसा चढावा, याचा उलगडा अखेर झाला आहे. आधी खरेदी, मग डोंगर. घोटा सांभाळणारे बूट, चटकन वाळणारा सदरा, नळीने पाणी ओढायची पाठपिशवी, कपाळावरचा दिवा आणि दोन काठ्या (एक आपल्याला, एक फोटोला) घेतल्याशिवाय नवशिक्याने तळोद्याची वेस ओलांडू नये. ही शास्त्रशुद्ध दृष्टी स्वागतार्हच आहे.

खेद एवढाच की, दरवर्षी धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो भाविक तळोद्याहून सुमारे १,३२५ मीटर उंचीच्या अस्तंब्याकडे निघतात आणि त्यांतल्या कित्येकांचा सरंजाम म्हणजे पिशवीत भाकरी-चटणी, पायांत स्लीपर. एवढ्यावर ते शिखर गाठतातही! बूट न घेता वर पोहोचणे ही बूटवाल्यांची सरळ फसवणूक आहे. यापुढे वाटेतल्या कोठार गावापाशी पावत्या तपासाव्यात. ‘श्वास घेणाऱ्या’ जाकिटाची पावती नसेल, तर यात्रेकरूचा स्वतःचा श्वास ग्राह्य धरू नये.

सर्वांत बेजबाबदार वर्तन मात्र ज्यांच्या दर्शनाला हे भाविक निघतात, त्या खुद्द यजमानांचे. कपाळावर भळभळती जखम, महाभारतापासून रानोमाळ भटकंती, आणि अश्वत्थाम्याजवळ साधी प्रथमोपचार पेटी नाही! वाटसरूंकडे तेल मागत फिरतो म्हणे. अशांना डोंगरावर कायमचे राहू कोणी दिले?

आपण तसे करू नये. यादीतले सगळे घ्यावे. ओझे फार झालेच, तर उचलायला पायथ्याच्या गावातला एखादा गडी सोबत न्यावा. तो स्लीपर घालून पुढे निघून जाईल. तिकडे लक्ष देऊ नये.