पाच वाजता आलेला गडी

दिग्रसमध्ये ख्रिस्ती घरं मोजकी, पण आमच्याविषयीचं कुतूहल भरपूर. एसटीत शेजारी बसलेला असो की घंटीबाबांच्या मंदिराजवळच्या टपरीवर चहा पिणारा, हवापाण्याच्या गप्पा झाल्या की प्रश्न ठरलेला: "तुमच्यात काय मिळते जी?" म्हणजे महिन्याचे पैसे, गव्हाचं पोतं की दुधाची पावडर? मी खरं ते सांगतो. मिळत काही नाही, उलट दर रविवारी थैली फिरते आणि तीत आपणच टाकायचं. यावर समोरचा असा बघतो की त्याचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही उडाला हे कळतं.

खरं उत्तर 'कृपा' असं आहे, पण ते एसटीत देता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळला, 1953 पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. 1983 मध्ये ती पुण्याला गेली. त्या सेमिनरीत असले विषय वर्षानुवर्षं शिकवत. आम्हा शेतकऱ्यांना मात्र मत्तयाचा विसावा अध्याय पुरतो, कारण त्यात रोजंदारी आहे.

द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकात जातो, एक दीनार ठरवून गडी आणतो. मग नऊला, बाराला, तीनला आणखी आणतो. पाच वाजता गेला तर काही जण अजून रिकामेच उभे. त्यांनाही आणतो. संध्याकाळी पाचवाल्यांना आधी बोलावून अख्खा दीनार देतो. पहाटेवाल्यांची आशा वाढते, पण त्यांच्याही हातावर एकच दीनार. मग जी कुरकुर सुरू होते, ती आजतागायत थांबलेली नाही.

आमच्या वावरात कापूस वेचायला येणाऱ्या एका आजींना मी ही गोष्ट सांगितली. वेचाई किलोवर असते. ओटीतला कापूस गाठोड्यात, गाठोडं काट्यावर, आणि काटा हलायचा थांबेपर्यंत आजींची नजर त्यावरून हलत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग दुसऱ्या दिवशी सकाळी कोन आलं त्याच्या वावरात? साऱ्या बाया पाचालेच आल्या असतीन!" मोठमोठ्या टीकाग्रंथांना जे एका वाक्यात जमत नाही ते आजींनी करून दाखवलं. कृपेने मजुरीचं गणित मोडतं, आणि हिशेबाने चालणाऱ्या माणसाला तिचा राग येतो.

हा राग आम्हा दर रविवारवाल्यांना डिसेंबरात येतो. वर्षभर न फिरकलेली मंडळी नाताळला नवे कपडे घालून येतात, नेमकी पुढे बसतात आणि गाणी आमच्यापेक्षा मोठ्याने म्हणतात. आम्ही मागून त्यांच्या पाठी मोजतो. तोंडावर प्रेमळ हसू, मनात हजेरीपट. ढोंग शिरतं ते इथूनच. ते चोरदरोडेखोरांच्या वाट्याला फारसं जात नाही, त्याला नियमित माणूस लागतो. येशूचे सर्वांत कडक शब्दही जकातदारांच्या वाट्याला आले नाहीत. ते आले शास्त्री-परूश्यांच्या, म्हणजे उपास, दशांश आणि हजेरी चोख असणाऱ्यांच्या वाट्याला.

हे आम्हाला कापसावरून लवकर कळतं. गाडीत वर सुका, पांढराशुभ्र थर आणि पोटात दडपलेला ओला माल, ही युक्ती कुणालाच नवी नाही. म्हणून ग्रेडर वरचा थर बघत नाही, हात खोल घालतो. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर भाव कापतात, बाराच्या वर गेला की माल परत. देवळात आणि चर्चमध्ये असं ओलावा मोजायचं मशीन नाही हे आपलं सर्वांचंच नशीब!

कवी नारायण वामन टिळकांनाही आयुष्यभर 'काय मिळालं?' हे ऐकावं लागलं असणार. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिळालं ते हे, की आप्तांनी पाठ फिरवली आणि बायको काही वर्षं दुरावली. लक्ष्मीबाई पुढे परत आल्या, पण काही काळ आपलं सोवळं वेगळं ठेवूनच. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी नवऱ्याला सोडलं नाही आणि स्वतःलाही नाही. ढोंगाचं तिथे काही चालणंच शक्य नव्हतं. असं हसतं खरेपण मराठी ख्रिस्ती लेखनात दुसऱ्या कुणाला साधलेलं मला दिसत नाही. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उघडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. पाच वाजता येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवायचं, तर आधी आपला पगार सोडावा लागतो, हे त्यांना कळलं होतं. मला अजून कळतं तेवढंच आहे, वळत नाही.

त्या गोष्टीतली एक बाब मात्र आजींनीच माझ्या ध्यानात आणून दिली. मालकाने मजुरी त्याच दिवशी दिली. मोशेच्या नियमशास्त्रातही तसंच आहे: मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नये. आमच्याकडे वेचाई बाजाराच्या दिवसावर ढकलतात, आणि ढकलणाऱ्यांत प्रार्थना करणारेही असतात, सर्व धर्मांचे. तेव्हा वावरवाल्या वाचकांना एवढंच सांगणं, पाचवाल्याला अख्खा दीनार द्यायचं पुढे बघू. आज ज्यांनी वेचलं, त्यांचे पैसे आज संध्याकाळीच द्या.