परमुलखी लॅपटॉप खरेदीचा विधी

युरोपीय संघाची बाजारपेठ एकच आहे, हे वाक्य पाठ करून खरेदीला आरंभ करावा. पुढे ते अनेकदा उपयोगी पडते, मुख्यतः स्वतःची समजूत घालायला.

आधी कायदा. ३ डिसेंबर २०१८ पासून लागू असलेल्या नियमानुसार, गिऱ्हाईक दुसऱ्या सदस्य देशात राहते एवढ्या कारणावरून दुकानदाराला ऑनलाइन विक्री नाकारता येत नाही. त्याला न विचारता परस्पर दुसऱ्या देशाच्या संकेतस्थळावर वळवताही येत नाही. माल घरपोच द्यायची सक्ती मात्र दुकानदारावर नाही. म्हणजे लिस्बनच्या रहिवाशाने बर्लिनच्या दुकानातून लॅपटॉप खुशाल घ्यावा. तो लिस्बनला आणायचा कसा, ही बाब कायद्याने त्याच्या कर्तबगारीवर सोडली आहे.

यासाठी जर्मनीत पत्ता असलेला मावसभाऊ लागतो. नसल्यास जोडावा. त्याच्या दारात उतरलेल्या मालावर जर्मनीचा १९ टक्के व्हॅट लागतो, पोर्तुगालचा २३ नव्हे. वाचलेले चार टक्के मावसभावाला जेवू घालण्यात जातात, हा भाग वेगळा.

लक्झेंबर्गचा १७ टक्के दर पाहून हंगेरीतल्या, म्हणजे २७ टक्के भरणाऱ्या, ग्राहकाने हुरळून जाऊ नये. विक्रेत्याची परदेशी ग्राहकांना होणारी अशी विक्री वर्षाला १०,००० युरोंपलीकडे गेली, की घरपोच मालावर ग्राहकाच्याच देशाचा दर लागतो. ही व्यवस्था १ जुलै २०२१ पासूनची. स्वस्त दर हवाच असेल तर स्वतः लक्झेंबर्गला जावे. तिथली सार्वजनिक वाहतूक २०२० पासून फुकट आहे. तिथवरची नाही.

खोके उघडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांनी जागांची अदलाबदल केलेली असते. फ्रेंच कीबोर्डवर क्यूच्या जागी ए बसलेला असतो, आणि आकडा टाइप करायला शिफ्ट दाबावी लागते. पूर्णविरामालासुद्धा शिफ्टच, फ्रेंच वाक्ये लांब का असतात, याचा उलगडा इथे होण्यासारखा आहे. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसमध्ये भिंतीतला सॉकेट ब्रिटिश धर्तीचा असल्याने तिथल्या ग्राहकाने अ‍ॅडाप्टरचा खर्च आधीच धरावा.

ऑनलाइन घेतलेला माल नापसंत पडला तर १४ दिवसांत करार मोडता येतो. परतीचे टपाल मात्र बहुधा ग्राहकाच्या माथी. माल सदोष निघाल्यास किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी संघात सगळीकडे आहे, पण ती देणारा विक्रेता असतो, म्हणजे पुन्हा बर्लिन. तो दाद देत नसेल तर प्रत्येक सदस्य देशात युरोपीय ग्राहक केंद्र आहे. तक्रार आपल्याच देशातल्या केंद्राकडे करावी. सल्ल्याचे पैसे पडत नाहीत.