सालं आणि कळ्या

बँकेतून निवृत्त झालो त्याच वर्षी, एप्रिलच्या मध्यावर, मी सामान म्हणून जर्मनीला गेलो. हायडेलबर्गला लेकीचं बाळंतपण होतं आणि तिकडे गरज होती ती हिची. डिंक, अळीव, बाळंतशेपा, सुंठ आणि शतावरी कल्पाचे दोन डबे एवढं भरून जी जागा उरली, त्यात माझी सोय झाली. दुधातुपाचं काही युरोपात नेता येत नाही, म्हणून लाडू तिथे पोचल्यावर वळायचे होते. व्हिसा नव्वद दिवसांचा. म्हणजे साठ वर्षांत पहिल्यांदाच माझा हापूसचा हंगाम बुडणार होता. रत्नागिरीहून येणारी पेटी यंदा डोंबिवलीत शेजाऱ्यांकडे उतरणार होती. “तुम्ही येईपर्यंत सांभाळून ठेवतो,” असं ते म्हणाले. आंबा तीन महिने कसा सांभाळतात, हे मी विचारलं नाही.

पहिल्याच आठवड्यात जावई मला बाजारात घेऊन गेले. चौकात लाकडी टपऱ्या, त्यांच्यापुढे रांगा, आणि रांगेतल्या लोकांच्या चेहऱ्यावर अगदी ओळखीचे भाव. पहिली पेटी फुटते तेव्हा आपल्या बाजारात असतात तेच. भाव परवडत नाही हे मान्य, पण नुसतं बघायला काय जातं! टपरीवर मात्र आंब्याऐवजी अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्याफटक कांड्या रचून ठेवल्या होत्या. हा श्पार्गल, म्हणजे पांढरा अ‍ॅस्परॅगस. मातीचे उंच वरंबे करून कोंब आतच वाढवतात. उजेड लागला की तो आधी जांभळट आणि मग हिरवा होतो, म्हणून वरंब्याला बारीक भेग पडली की लगेच हाताने उकरून लांब सुरीने कापायचा. जाडीप्रमाणे प्रती लावलेल्या असतात. विकणाऱ्या बाईंनी दोन कांड्या माझ्या कानाशी धरून एकमेकींवर घासल्या. चिर्र असा आवाज आला. ताजा असल्याची ती खूण. आपण देठाशी नाक नेतो, ही माणसं कान नेतात.

घरी आल्यावर सालं काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी सगळ्यांना कामं होती. जन्मात मी बटाटासुद्धा सोललेला नव्हता. शेंड्याच्या थोडं खालून सुरुवात करून बुडापर्यंत खाली ओढत न्यायचं. जरा हयगय झाली की दोरा दाताखाली येतो आणि जेवणाऱ्याला कळतं कुणी सोललंय ते. माझ्या पहिल्या चार कांड्या मधेच मोडल्या. “मोडू देत, सूप करू,” लेक म्हणाली. सालांचंही तिथे सूपच करतात.

चवीबद्दल खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला ती मीठ विसरलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी लागली. वितळलेलं लोणी आणि उकडलेले बटाटे घेतल्यावर बरी. चौथ्या खेपेला मी न सांगता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. (खाल्ल्यावर दोनेक तासांनी न्हाणीघरात जो वास येतो त्याची पूर्वसूचना मात्र कुणीच देत नाही. मी दोन दिवस गुपचूप किडनीची काळजी करत होतो.)

बाळंतिणीला बघायला तिकडे सुईण घरी येते. हेबामे म्हणतात तिला, आणि खर्च आरोग्यविम्यातून होतो. ही आणि ती यांच्यात भाषा एकही सामाईक नव्हती, तरी बाळाला कसं धरावं यावर दोघींचा वाद व्यवस्थित व्हायचा. धुरीचा प्रश्न छतावरच्या धूरसूचकाने परस्पर निकालात काढला. एके दिवशी सुईणबाईंनी कल्पाचा डबा उचलून घटकांची बारीक अक्षरं वाचली आणि मोठ्याने हसल्या. “श्पार्गल!” लॅटिन नाव लिहिलं होतं, अ‍ॅस्परॅगस रॅसिमोसस. म्हणजे आपली शतावरी ही माझ्या हातातल्या कांडीची सख्खी चुलत बहीण निघाली. आपण मुळं घेतो, ते कोंब खातात. सात हजार किलोमीटरवरून आम्ही श्पार्गलच्या गावी श्पार्गल घेऊन गेलो होतो. गाव खरंच त्याचं आहे. शेजारचं श्वेट्झिंगन स्वतःला श्पार्गलची राजधानी म्हणवतं, आणि तिथल्या राजवाड्यासमोर श्पार्गल विकणाऱ्या बाईचा पुतळा आहे. देवगड किंवा रत्नागिरीत आंबेवालीचा पुतळा आहे का, हे मी बराच वेळ आठवून बघितलं.

24 जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, कापणी थांबते. पुढे कोंबांना वाढू द्यायचं, पानं फुटू द्यायची, म्हणजे मुळांत पुढच्या वर्षाची शिदोरी साठते. 25 तारखेला मी सवयीने सोलणी हातात घेतली आणि करायला काहीच नव्हतं.

एक कबूल करतो. चौतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी लोकांना “फॉर्म नीट वाचा” असं सांगत आलो. तिकडे मात्र बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापुढे उभा राहून मी बाटली उलटी घालत होतो, आणि मागच्या शाळकरी पोराने ती न बोलता सुलटी करून दिली. यंत्राने पंचवीस सेंटची नोंद केली. इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता. परक्या मुलखात अडाणी असण्याची मुभा असते. पंचाईत झाली ती घरी परतल्यावर.

कारण गणपतीच्या आदल्या दिवशी ही म्हणाली, “अहो, तिकडे तीन महिने सालं काढलीत ना? आता मोदकाला बसा.”

साठ वर्षं मी उकडीचे मोदक खातोय, नावंही ठेवतोय. कळ्या कमी पडल्या, पारी जाड झाली, सारण पातळ आहे. आंबेमोहोराची पिठी, पिठाएवढंच पाणी, तुपाचा हात, उकड गरम असतानाच मळायची, हे सगळं मला तोंडपाठ. हातांना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पारीची वाटी करताना बुडाला भोक पडलं. बुजवलं तर कडेला चीर गेली. चिमटीत कळी धरायची, शेजारची धरायची, आणि तोवर पहिली मिटून गेलेली. इथे “मी नवीन आहे” असं म्हणायची सोय नाही. समोर वहिनी, शेजारीण, आणि दोन्ही मुठींनी मोदकांची तोंडं मिटवणारी नऊ वर्षांची पुतणी. शेजारीण तर यंदाची पेटी खाऊन तृप्त झालेली.

“काका, चाफ्याच्या कळीसारखा व्हायला हवा,” पुतणी म्हणाली.

“हा कोबीसारखा झालाय,” वहिनींनी भर घातली.

माझे पहिले सहा मोदक हिने न बोलता मोडले, सारण काढून घेतलं, उकडीत मिरची-जिरं घातलं आणि निवगऱ्या केल्या. मोडक्या श्पार्गलचं सूप आणि मोडक्या मोदकाच्या निवगऱ्या. दोन्ही स्वयंपाकघरांनी मला अगदी एकसारखं सामावून घेतलं. सातवा मोदक मात्र उभा राहिला. मोदकपात्रात हळदीच्या पानावर तो मी स्वतः ठेवला, जरा मागच्या बाजूला.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर नात, समोर बटाटे सोलायला घेतलेले.

“बाबा, मोदकाला किती कळ्या आल्या?”

“सात,” मी म्हणालो.

“पाच,” ही मागून म्हणाली. “दोन वाफेवर सुटल्या.”