ठोके कोणी ऐकले?

हर्णे बंदरावर टोपल्या उतरवता उतरवता बायका एखाद्या घरावर कोसळलेलं दुःख चार शब्दांत सांगतात : "बाळानं आतच शी केली." पाठोपाठ 'नशीब' आलं की विषय मिटतो. तो तिथं मिटू नये.

पोटात शी होणं हा इशारा असू शकतो. बाळाला प्राणवायू कमी पडला की ठोके बिघडतात. मिनिटाला 110 ते 160 ठोके ठीक. म्हणून कळा लागल्यावर निदान दर अर्ध्या तासाने आणि जोर करण्याच्या वेळी दर पाच मिनिटांनी ते ऐकून लिहायचे असतात. ती नोंद म्हणजे बाळाचा जबाब. ठोके कधी उतरले, डॉक्टरांना कधी बोलावलं, सिझर कधी ठरलं, पुढे पाठवायला किती वेळ घालवला, सगळं त्यात दिसतं. हर्ण्याहून दापोली गाठायची तर आसूदची वळणं, आणि तिथून रत्नागिरी कित्येक तासांवर. अशा ठिकाणी वाया गेलेल्या वीस मिनिटांचा हिशेब मागायलाच हवा.

दर वेळी डॉक्टरच चुकतो असं नाही. नाळ अडकते, वार आधीच सुटते, सगळं लक्ष देऊनही बाळ हाती लागत नाही. पण चूक होती की नव्हती, हे केसपेपर पाहूनच ठरेल. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे कागद मागितल्यापासून 72 तासांत द्यावे लागतात. लेखी अर्ज करा, पोच घ्या.

पैसे भरून बाळंतपण झालं असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात त्या सरकारी दवाखान्याला ग्राहक कायदा लागत नाही, म्हणून लोक हात टेकतात. कशाला? औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात 1963 साली एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेचा टॉवेल राहिला आणि ती गेली. घरच्यांनी दिवाणी दावा लावला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरून 36,000 रुपयांची भरपाई कायम केली. तेहतीस वर्षं लागली, हे संतापजनकच. पण सरकारवर दावा चालतो, हे पक्कं झालं.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. बाळ वाचलं, तरी ते मान धरत नाही, बसत नाही, हे ध्यानात येईपर्यंतच महिने सरतात. मग डॉक्टरांच्या फेऱ्या. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग तक्रार घेऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. वकिलाला पैसे नसले तरी अडत नाही. 1987 च्या कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दापोलीच्या कोर्टात चौकशी करा, आणि जाताना केसपेपर बरोबर न्या.