पाहुण्यांना गढा चढवण्याची रीत

जबलपुरातल्या मराठी घरी पुण्या-ठाण्याकडचे पाहुणे येतात आणि त्यांच्यात एक जण हमखास ट्रेकर असतो. हरिश्चंद्रगड त्याचा झालेला असतो, राजगड पावसात झालेला असतो, आणि लडाखच्या एखाद्या मठात त्याला पंधरा मिनिटं शांत वाटलेलं असतं. भेडाघाटचा धुवांधार धबधबा आणि संगमरवरी कड्यांमधली नाव उरकली, की चहाच्या वेळी तो विचारतो, ‘‘इथे डोंगरात एखादी मॉनेस्ट्री वगैरे?’’ यजमानांनी या प्रश्नाला ‘नाही’ म्हणू नये. ‘उद्या सकाळी सहा वाजता’ असं म्हणावं आणि पुढील सूचना रात्रीच वाचून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, उंची. ती पायथ्यापासून कधीही सांगू नये, समुद्रसपाटीपासून सांगावी. जबलपूर मुळातच चारशे मीटरवर वसलेलं आहे, ते चारशे आपल्याला फुकट मिळतात.

पाहुणा घोट्यापर्यंतचे बूट, दोन काठ्या आणि पाठीवर निळी पिशवी अशा थाटात निघेल. त्याला अडवू नका. मदनमहालच्या पायऱ्यांवर शारदादेवीला निघालेल्या आजीबाई रबरी चपलांत, हातात नारळ घेऊन त्याला मागे टाकतील. त्या वेळी आपण पलीकडच्या झाडाकडे बघावं.

वर मदनमहाल आहे. एका अवाढव्य ग्रॅनाइटच्या शिळेवर बसवलेली ही छोटीशी वास्तू मदन शाह या गोंड राजाच्या नावाने ओळखली जाते. सह्याद्रीतला माणूस इथे ‘एवढाच?’ म्हणतोच. त्याला शांतपणे सांगा, की संग्राम शाहाच्या ताब्यात असे बावन्न गढ होते असं परंपरा सांगते, गढा, म्हणजे हाच परिसर, त्याची राजधानी होती, आणि त्याची सून दुर्गावती 1564 साली अकबराच्या फौजेशी लढताना गेली. यावर तो ‘पण नंतर इथे आपलंच राज्य होतं ना?’ असं विचारेल. होतं. नागपूरकर भोसल्यांकडे हा मुलूख 1798 मध्ये आला आणि 1817 मध्ये इंग्रजांनी घेतला. एकोणीस वर्षं. वजाबाकी त्याला करू द्यावी. गडाखाली नऊ लाख रुपये आणि सोन्याच्या दोन विटा पुरलेल्या आहेत ही दंतकथा मात्र उतरताना सांगा. चढताना सांगितलीत तर तो तिथेच काठीने उकरत बसेल.

वाटेत तोलशिळा लागते. भल्या थोरल्या दगडावर दुसरा धोंडा हातभर जागेत टेकून उभा आहे. 22 मे 1997 च्या भूकंपाने शहरातली घरं पाडली, हा धोंडा हलला नाही. तरीही प्रत्येक पाहुणा त्याला ढकलत असल्याचा फोटो काढतो. काढू द्या. धोंड्याला सवय आहे.

आता मठ. मेडिकल कॉलेजसमोरच्या टेकडीवर पिसनहारीची मढिया आहे, दिगंबर जैनांचं क्षेत्र. कातड्याचा पट्टा आणि पाकीट खाली ठेवायला लावा, म्हणजे तक्रारींना तिथूनच सुरुवात होईल. पाहुण्याच्या कल्पनेत धुकं, घंटेचा नाद आणि खिडकीत बसलेला एक भिक्षू असतो. इथे त्याला भेटतात धर्मशाळेत उतरलेली कुटुंबं, गुरुकुलाची मुलं आणि टेकडीभर पांढरी देवळं. कथा अशी सांगतात, की लोकांचं दळण दळून पोट भरणाऱ्या एका बाईने पै-पै साठवून इथलं पहिलं देऊळ बांधलं, आणि तिच्या जात्याचे दगड देवळावरच बसवले. राजेरजवाड्यांच्या नावाने देवळं पुष्कळ आहेत. दळणाच्या मजुरीवर उभं राहिलेलं आणि बाईच्या धंद्याच्या नावाने ओळखलं जाणारं मला तरी दुसरं माहीत नाही. इथे यजमानाने काही बोलू नये. पाहुणाही क्षणभर गप्प होतो, मग नेटवर्क शोधू लागतो.

मुनिमहाराज मुक्कामी असतील तर ‘मेडिटेशन शिकवता का’ हा प्रश्न आधीच दाबून टाकावा. ते दिवसातून एकदाच आहार घेतात, पाणीही तेव्हाच, आणि पुढच्या गावी अनवाणी चालत जातात. पाहुण्याच्या बुटांची किंमत त्या वेळी विचारू नये.

इतकं होऊनही ‘पण प्रॉपर मॉनेस्ट्री नाहीच’ असं तो म्हणाला, तर गाडी भेडाघाटकडे वळवा. काल नावेच्या रांगेत उभं राहताना त्याने चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या पाहून ‘नंतर बघू’ म्हटलं होतं. कलचुरी राजांच्या काळातलं ते गोल आवार म्हणजेच शैव आचार्यांचा विख्यात गोलकी मठ, असं अनेक अभ्यासक मानतात. या मठाची परंपरा थेट आंध्रात पोचली. काकतीय राजाचा गुरू विश्वेश्वर शंभू याच परंपरेतला, आणि 1261 च्या मलकापुरम शिलालेखात त्याने चालवलेल्या संस्थेची व्यवस्था नोंदली आहे : विद्यार्थी, अन्नछत्र, दवाखाना आणि चक्क प्रसूतिगृह. शांतता शोधायला आलेल्या माणसाला हे ऐकवावंच. जिथे बाळंतिणीची सोय आहे तिथे पहाटे कसली आली शांतता!

वर पोचल्यावर त्याला योगिनी मोजायला बसवा. नाव चौसष्ट असलं तरी भिंतीत देवळ्या एक्याऐंशी आहेत. तो हिशेब जुळवत असेल तोवर आपण मधल्या देवळातले नंदीवर बसलेले शिवपार्वती निवांत पाहून घ्यावेत. अशी मूर्ती नेहमी पाहायला मिळत नाही.

हे सगळं ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावं. मे महिन्यात गढ्याचा ग्रॅनाइट तापतो आणि पाहुणे नातं तोडतात. आणि इटारसीकडून येणारी गाडी जबलपूरच्या आधी मदनमहाल स्टेशनावरून जाते. आपल्या गाडीला तिथे थांबा आहे का, तेवढं तिकीट काढतानाच पाहून घ्या.