कानातून आले आणि तिखट झाले

कानावरचे केस ज्याचे त्याला दिसत नाहीत, हीच त्यांची खरी ताकद. आरशात माणूस स्वतःला समोरून बघतो, आणि समोरून मी अजून बरा दिसतो. जगाला मात्र मी बाजूनंच जास्त दिसत आलो. आधी फळ्याकडे वळलेला मास्तर म्हणून, आता पंगतीत शेजारी बसलेला काका म्हणून. पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओत अक्षता टाकताना कॅमेरा माझ्या उजव्या कानावर येऊन थबकला, तेव्हा सगळं घर मोठ्या टीव्हीसमोर बसलं होतं. पाळीवर, कडेनं आणि आतल्या खळग्यातून जे उगवलं होतं, त्याला शेतकी खात्याचं बक्षीस मिळालं असतं.

“हे कधी झालं?” मी विचारलं.

“आहेच की. तुमच्या घराण्याचे कान ते,” बायको म्हणाली.

घराण्यावरचा हा आरोप जुना आहे आणि माझ्या दुर्दैवानं त्याला शास्त्राचा आधार होता. इथे थोडं विषयांतर करतो. जन्मभर मास्तरकी केलेल्याला तेवढी सवलत असते.

जीवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत वर्षानुवर्षं एक ओळ ठाण मांडून बसली आहे : कानावरच्या केसांचं जनुक वाय गुणसूत्रावर असतं, म्हणजे ते बापाकडून थेट मुलाकडे जातं, आईचा संबंध नाही. आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मॅडम तो धडा शिकवून स्टाफरूममध्ये आल्या की एकदा माझ्याकडे बघून घेत. मी फिजिक्सचा. मला वाटे, असेल काहीतरी शंका. शंका नव्हती, उदाहरण होतं.

पुढे कळलं की हा विषय किरकोळ माणसांचा नव्हे. जे. बी. एस. हाल्डेन हे आनुवंशिकीतलं केवढं मोठं नाव! 1957 साली ते इंग्लंड सोडून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. त्यांच्या हाताखालच्या कृष्णा द्रोणमराजू या तरुणानं आंध्रातल्या घराण्यांच्या वंशावळी धुंडाळल्या आणि 1960 साली केसाळ कानांवर रीतसर निबंध प्रसिद्ध केला. माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र नेहमी येतं. एक होतकरू संशोधक वही घेऊन ओसरीवर बसला आहे, आतून चहा आला आहे, आणि तो अदबीनं विचारतो आहे, “आपल्या आजोबांचे कान कसे होते?” घरातल्या थोरल्यांना वाटलं असणार, स्थळाची चौकशी चालली आहे.

तर या संशोधनामुळे आमचं घराणं दोषी ठरलं. आजोबा, वडील, मी. वडील महिन्याच्या महिन्याला कटिंगला बसले की शेवटी न सांगता एकेक कान पुढे करत. कात्री दोनदा कचकच करी आणि प्रश्न मिटे. त्यांच्या कानांचा व्हिडिओ कुणी काढला नव्हता, म्हणून त्यांना ते सुखानं वागवता आले. मला मात्र घराण्याचा हा वारसा बायकोपुढे आयुष्यभर मान खाली घालून मिरवावा लागला.

आणि मग 2004 सालच्या एका शोधनिबंधाविषयी माझ्या वाचनात आलं. दक्षिण भारतातल्या केसाळ कानांच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली, तर ती एका माळेतली निघालीच नाहीत. गुळगुळीत कानांच्या लोकांत जसे नाना प्रकार असतात, तसेच यांच्यातही होते. म्हणजे वाय गुणसूत्राचा दोष नाही! मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. घराणं निर्दोष सुटलं होतं.

“म्हणजे सासूबाईंकडून आलेत?” तिनं विचारलं.

घराणं सुटलं, आजोळ अडकलं. “माझ्या माहेरचा संबंध नाही ना? मग झालं,” म्हणत ती भाजी निवडायला लागली. विषयांतर संपलं.

निर्दोष सुटलो तरी केस होतेच. मग लेझर करायचं ठरवलं. सांगलीचा माणूस मिरजेला निघाला की तो दवाखान्यालाच, हे बसच्या कंडक्टरलाही ठाऊक असतं. कुणी ना कुणी ओळखीचा भेटतोच आणि काय झालंय ते विचारतोच. “कानाचं जरा दाखवायचंय,” असं मी सांगून बसलो. तेव्हापासून गल्लीत सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. समोरचे जोशी तर हातवारेही करतात.

त्वचारोगतज्ज्ञ माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. वर्गात जिला ‘अगं ए खिडकीतली’ म्हणून उठवलं, तिला आता अहो डॉक्टर म्हणावं की कसं, या विचारात मी असतानाच तिनं भिंग लावलेला दिवा ओढला आणि माझ्या कानात बराच वेळ बघितलं. एवढ्या बारकाईनं माझ्या शिकवण्याकडे तिनं कधी बघितलं नव्हतं.

“सध्या काय करता, सर?”

“चिमट्यानं उपटतो.”

“ते आजपासून बंद. चिमटा, दोरा, वॅक्स, काहीही नाही. लेझरला मूळ जागेवर लागतं. तेच उपटून आलात तर मी मारू कशावर? यायच्या आदल्या संध्याकाळी फक्त वरचे केस साफ करायचे. ते लांब राहिले तर वरच जळतात आणि कातडीला चटका बसतो. उन्हात फिरायचं नाही. करून याल ना?”

गृहपाठ देण्याची माझीच पद्धत माझ्यावर उलटली होती. पण लेझर हा माझा विषय. 1917 साली आइन्स्टाइननं मांडलेलं उत्तेजित उत्सर्जन मी इतक्या बॅचना शिकवलं की पोरं मलाच ‘उत्तेजित सर’ म्हणायची. 16 मे 1960 रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मायमननं माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला, तो दिवस मी वर्गात सणासारखा साजरा करी. तेव्हा साहजिकच मी ऐटीत विचारलं, “तुमच्याकडे रुबी आहे का? 694 नॅनोमीटरचा?”

“रुबी आपल्याला चालत नाही, सर. तो प्रकाश केसातलं मेलॅनिन शोषतं, तसं कातडीतलंही शोषतं. गोऱ्या कातडीवर काळे केस असतील तर ठीक. आपण भाजून निघू. आपल्याला एनडी-याग, 1064. तो खोल जातो आणि वरच्या कातडीतल्या रंगाला कमी धरतो.” आणि तिनं केसपेपरवर लिहिलं : प्रकार पाच.

हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 साली, उन्हात कातडी भाजते की काळवंडते यावरून माणसांचे प्रकार पाडले. आता असे सहा प्रकार धरतात. एकवाला गोरापान, सहावाला सगळ्यांत काळा. माझ्या लग्नाच्या टिपणात वडिलांनी ‘वर्ण गव्हाळ’ असं लिहिलं होतं. इतकी वर्षं मी त्या गव्हावर जगत आलो. फिट्झपॅट्रिकनं मला एका आकड्यात ज्वारी-बाजरीच्या पलीकडे नेऊन ठेवलं.

“आणि सर, पांढरे राहणार.”

“का म्हणून?”

“काळा पृष्ठभाग उष्णता शोषून घेतो, पांढरा परत पाठवतो,” ती म्हणाली. “तुम्हीच शिकवलंय.”

सगळी पद्धत उभी आहे ती एवढ्याच गोष्टीवर. बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली ती मांडली. ज्या वस्तूला रंग आहे तीच तापेल असा प्रकाश निवडायचा आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत तो थांबवायचा. केसातलं मेलॅनिन तापतं, उष्णता मुळाशी उतरते, मूळ निकामी होतं, आजूबाजूची कातडी वाचते. पांढऱ्या केसात मेलॅनिन नाही, म्हणजे लेझरच्या लेखी तो केस नाहीच. माझ्या कानांवर निम्मे तेच होते. हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत, असं मी पोरांना ठणकावून सांगायचो. त्यांचा अनुभव लेझरनंही मानला.

प्रत्यक्ष काम करायला एक चटपटीत मुलगी होती. तिनं आधी संमतिपत्रावर सही घेतली, मग दोन्ही कानांचे फोटो काढले, कानांत कापसाचे बोळे घातले, डोळ्यांवर गडद गॉगल चढवला, थंडगार जेल लावलं आणि कानामागे एका टिकलीएवढ्या जागेवर चाचणी घेतली. यंत्राच्या टोकातूनच गारवा येत होता, म्हणून कातडी आधी बधिर व्हायची. मग टिक्, क्षणभर चटका, आणि केस जळाल्याचा वास. पुन्हा टिक्. गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून मी तिला सांगायला घेतलं की कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 साली कुमार पटेल यांनी शोधला, ते मूळचे बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी, आणि तुमच्या पलीकडच्या खोलीत मुरमांच्या खड्ड्यांवर नि चामखिळींवर जो चालतो तो त्यांचाच.

“हो का, काका? जबडा हलवू नका.”

मी दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल पडतात ते विचारलं. तिनं आकडा सांगितला त्याच क्षणी पुढचा ठोका बसला आणि आकडा गेला. केसाच्या मुळाभोवती लालसर पुळी उठली, तर ते काम झाल्याचं लक्षण असतं, असं तिनं समजावलं. वरून बर्फाची पिशवी ठेवली, सनस्क्रीन फासलं, दोन दिवस कढत पाणी नाही म्हणून बजावलं. जळालेले केस दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळतात. बिलावर जीएसटी होता. आजाराच्या उपचाराला तो नसतो, रूपाच्या उपचाराला असतो. माझा अहंकार करपात्र आहे, हे सरकारनं छापील पावतीवर लिहून दिलं.

इथवर सगळी गंमत. बाहेर बसायच्या जागेत मात्र एक मुलगी आईबरोबर बसलेली होती. स्कूटरवर बांधतात तसा स्कार्फ तिनं आत आल्यावरही सोडला नव्हता, फक्त डोळे उघडे. आईनं न विचारता सांगितलं, पीसीओएस आहे, हनुवटीवर येतात, स्थळ आलंय, डिसेंबरच्या मुहूर्तापर्यंत होईल का हो? मी लगेच फळा नसताना शिकवायला लागलो. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मग विश्रांती घेऊन गळतो. लेझर लागू पडतो तो वाढत्या केसालाच. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात, म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतरानं सहा-आठ सिटिंग लागतात. त्यातून हार्मोनचं दुखणं चालू असेल तर नवे येत राहतात, त्याचे उपचार वेगळे. अमेरिकेतलं सरकारही ‘केस कायमचे कमी होतात’ एवढंच म्हणू देतं, कायमचे जातात असं नव्हे. केस मुहूर्त बघून उगवत नाहीत, असा समारोप करून मी खूश झालो. मुलगी खाली बघत होती.

तेव्हा मला माझ्या वक्तृत्वाचाच राग आला. पंधराव्या वर्षी पोराच्या ओठावर लव काळी झाली की घरात कौतुक, मिसरूड फुटलं म्हणून. मोठेपणी त्याच मिशीला पीळ, त्यावर ताव, त्यावर पैजा. तीच पुरुषी संप्रेरकं मुलीच्या अंगात थोडी जास्त झाली की तिनं मे महिन्यात तोंड बांधून फिरायचं. माझे कान हा कुटुंबाच्या करमणुकीचा विषय होता. तिच्या हनुवटीची चौकशी बैठकीत बसून होणार होती. तिच्या दुखण्याचा औषधांचा भाग दवाखान्यात मोडतो, पण त्यानंच आणलेले केस काढायला गेली की ती माझ्याच रांगेत, हौशी लोकांच्या. कर मीही भरणार, तीही भरणार. मी हौस म्हणून, ती नाइलाज म्हणून.

पुढच्या सिटिंगांमध्ये माझे काळे गेले. फिजिक्स बिनचूक निघालं, म्हणजे कान आता शुभ्र झाले. पूर्वी मी मीठ-मिरीचा दिसायचो, प्रौढ वगैरे. लेझरनं माझ्यातले तरुण तेवढे वेचून काढले आणि वडीलधारे मागे ठेवले. डॉक्टर म्हणाली, पांढऱ्यांना सुईची वीज लागते, एकेका मुळाशी सुई घालून. ती पद्धत तर 1875 सालची आहे, सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल यांची. “नाहीतर साधा ट्रिमर घ्या, सर.” मी भुवयांचं विचारून बघितलं. “डोळ्याच्या खोबणीत लेझर मारत नाहीत,” ती म्हणाली, आणि मी तिचा पुढचा प्रश्न यायच्या आत उठलो.

बाहेर त्या दोघी होत्या. आई प्रसन्न होती. मुहूर्त पुढे गेला होता, आणि तोही मुलाकडच्यांनीच नेला होता. जावईबापूंचं हेअर ट्रान्सप्लांट झालं आहे आणि टाळू नीट भरून यायला वर्षभर लागणार. फोटोत बरं दिसायला हवं ना! त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. हनुवटीवर केस उगवायला लावतात तीच संप्रेरकं टाळूवरचे घालवतात, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगीच बोलली. पहिल्यांदाच. स्कार्फ गळ्यात होता.

“मागचे काढून पुढे लावलेत म्हणे, सर. मला विचारलं असतं तर मी माझे फुकट दिले असते.”

आई “अगं” म्हणेपर्यंत आम्ही दोघंही हसत सुटलो होतो. मीही उदारपणे माझ्या कानांचे देऊ केले.

तिनं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघितलं. “नको,” म्हणाली, “त्यांना काळे हवेत.”