डॉलरला एक मत

मिनेसोटातलं डॉर्सेट म्हणजे एक रस्ता, चार-दोन रेस्टॉरंटं आणि वीस-पंचवीस डोकी. माणशी खानावळींचा हिशेब मांडून गावाने स्वतःला जगाची रेस्टॉरंट-राजधानी म्हणवून घेतलं आहे. हिशेब चूक म्हणता येत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी इथे खाण्यापिण्याची जत्रा भरते आणि तिच्यातच महापौर निवडला जातो. मत एका डॉलरला. हवी तितकी घ्या. तुम्ही गावचे आहात का, हेही कोणी विचारत नाही. मतदार यादीतून नाव उडाल्याची बोंब नाही. मग सगळ्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची. म्हणजे नोटा ओतल्या तरी खुर्चीची खात्री नाही! एवढ्या एका कलमावर आपल्याकडचे इच्छुक हे मॉडेल फेटाळतील.

२०१२ साली चिठ्ठी निघाली ती तीन वर्षांच्या पोराची. २०१३ साली पुन्हा त्याचीच. कारभाराबद्दल तक्रार नव्हती. गावाला नगरपालिकाच नाही, त्यामुळे टेंडर नाही, टक्केवारी नाही, पाण्याचा टँकरही नाही. महापौरांनी हसून हात हलवावा, फोटो काढून घ्यावेत, बस्स. यासाठी वयाची अट कशाला?

२०१४ साली मात्र सोळा वर्षांच्या एका ज्येष्ठ उमेदवाराने त्याला पाडलं. घराणं संपलं म्हणावं, तर पुढच्याच वर्षी चिठ्ठीत धाकटा भाऊ. वय वर्षं तीन.